पाहण्याची जागा आणि खेळण्याची जागा

गेल्या पावसाळ्यांत, बाहेर खेळणें अशक्य झालें असतां, नववीच्या वर्गांत मीं एक लहानसा वादविवाद घडवून आणिला. विषय असा होता: "एखाद्या शहरांत फुटबॉलचें मोठें स्टेडियम बांधावयाचें ठरलें आणि शेजारच्या लोकांनीं त्यास विरोध केला, तर त्या विरोधास मान द्यावा काय?" मतें मोजलीं तेव्हां बेचाळीस विद्यार्थ्यांपैकीं एकोणचाळीस स्टेडियमच्या बाजूचे निघाले. विरोध करणाऱ्या शेजाऱ्यांना 'खेळाचे शत्रु', 'प्रगतीच्या आड येणारे', इतकेंच नव्हे तर 'अरसिक म्हातारे' अशीं विशेषणें वक्त्यांनीं बहाल केलीं. वर्ग हसला, मीही हसलों. पण विरुद्ध मत देणाऱ्या तिघांपैकीं एका मुलीनें खालीं बसतां बसतां विचारिलें, "सर, तें स्टेडियम झाल्यावर तिथें आम्हांला खेळूं देतील का?" त्या तासाला या प्रश्नाचें उत्तर कोणापाशींच नव्हतें, आणि माझ्यापाशींही नव्हतें. तें शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

आरंभींच माझा पक्षपात सांगून टाकितों, म्हणजे वाचकांची फसवणूक व्हावयाची नाहीं. मी लहानपणापासून फुटबॉलचा वेडा आहें. आमच्या शाळेच्या संघांत मी डाव्या बगलेवर रक्षकाची जागा संभाळीत असें, आणि गुडघ्यावरची खूण अद्याप बुजलेली नाहीं. तेव्हां स्टेडियम म्हटलें कीं माझें मन प्रथम स्टेडियमकडेच धांवतें. असें असूनही पुढील हकीकत वाचल्यापासून माझें मत बरेंच पालटलें.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस ब्रिस्टल नांवाचें मोठें बंदराचें शहर आहे. राजा राममोहन रॉय यांचा १८३३ सालीं याच शहरीं देहान्त झाला, म्हणून आपणांस त्याचें नांव अगदींच परकें नाहीं. येथील ब्रिस्टल सिटी हा क्लब १९०४ सालापासून अ‍ॅश्टन गेट या मैदानावर खेळत आला आहे. २००७ सालीं क्लबच्या चालकांनीं जाहीर केलें कीं, जवळच अ‍ॅश्टन व्हेल येथें तीस हजार प्रेक्षक बसतील असें नवें स्टेडियम बांधावयाचें. त्याच्या जोडीला घरें व हॉटेल उभारावयाचें. आणि जुनें मैदान एका बड्या दुकानदार कंपनीस विकून खर्चाची तोंडमिळवणी करावयाची. २०१८ सालची विश्वचषक स्पर्धा इंग्लंडांत भरावी अशी त्या वेळीं खटपट चालली होती, व यजमान होऊं इच्छिणाऱ्या शहरांत ब्रिस्टलचेंही नांव होतें. सर्व शहर हर्षभरित झालें. २००९ सालीं नगरपालिकेनें आराखड्यास प्राथमिक अनुमतीही दिली.

मात्र अ‍ॅश्टन व्हेलच्या रहिवाशांस कोणी विचारलें नव्हतें, निदान त्यांना तसें वाटत होतें. ज्या जमिनीवर हें सर्व व्हावयाचें ती कांहीं नंदनवन नव्हती, हेंही सांगितलें पाहिजे. तिच्या एका भागावर पूर्वीं शहराचा केरकचरा टाकीत. नंतर त्यावर माती पडली, गवत माजलें, झुडपें वाढलीं. कागदोपत्रीं ती खासगी मालकीची. पण शेजारच्या वस्तींतील माणसें तेथें सकाळ-संध्याकाळ फिरावयास जात, कुत्रीं मोकळीं सोडीत, मुलें लपंडाव व चेंडू खेळत, आणि उन्हाळा सरतां सरतां आयाबाया तेथील कांटेरी जाळींतून काळीं रानफळें वेंचून मुरंबा घालण्यासाठीं घरीं नेत. मालकानें त्यांना बोलाविलें नव्हतें आणि हांकलूनही दिलें नव्हतें.

या साध्या गोष्टीला इंग्लंडच्या कायद्यांत केवढें महत्त्व आहे हें पाहून मी थक्क झालों. तेथें 'टाउन ग्रीन' किंवा 'व्हिलेज ग्रीन' म्हणून एक संस्था आहे. आपल्याकडील गायरानाशीं तिचें थोडें साम्य आहे, पण गायरान गुरांसाठीं आणि हें माणसांच्या विरंगुळ्यासाठीं. २००६ सालच्या कॉमन्स कायद्याप्रमाणें, एखाद्या जागेवर आसपासच्या वस्तींतील बऱ्याच लोकांनीं सतत वीस वर्षें खेळ व करमणूक केली असेल, तर त्यांस ती जागा टाउन ग्रीन म्हणून नोंदवून मागतां येते; आणि एकदां नोंद झाली कीं मालकी मालकाकडे राहिली तरी तिच्यावर बांधकाम करण्याची वाट जवळजवळ बंद होते. अट एवढीच कीं हा उपभोग बळजोरीनें झालेला नसावा, चोरून झालेला नसावा, आणि परवानगी मागूनही झालेला नसावा. पहिल्या दोन अटी कोणासही पटतील. तिसरी ऐकून माझे विद्यार्थी गोंधळले. परवानगी मागणें हा तर सभ्यपणा! त्याची शिक्षा कां? कारण असें कीं जो परवानगी मागतो तो जागा दुसऱ्याची आहे हें कबूल करितो, आणि दिलेली परवानगी उद्यां काढूनही घेतां येते. उलट जो उजळ माथ्यानें, दिवसाढवळ्या, आपलें अंगण समजून वावरला, आणि ज्याला वीस वर्षें कोणीं हटकलें नाहीं, त्याच्या वावरण्यालाच कायदा हक्काचें रूप देतो. यावर तोडगा म्हणून कांहीं धूर्त मालक 'येथें येण्यास मालकाची परवानगी आहे' अशी पाटी लावून ठेवितात. पाटी दिसावयास मोठी उदार दिसते. तिचें खरें प्रयोजन येणाऱ्याचा हक्क पिकूं न देणें हें असतें.

'खेळ व करमणूक' म्हणजे कोणती, असाही प्रश्न पूर्वीं निघाला होता. ऑक्सफर्डशायरमधील सनिंगवेल या खेड्यांतील एका जमिनीचा खटला १९९९ सालीं थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. गांवकऱ्यांनीं तेथें क्रिकेटचे सामने भरविले नव्हते किंवा जत्राही केली नव्हती. ते नुसते फिरत, मुलें खेळत, बर्फ पडलें कीं घसरगाडी चाले. एवढेंही पुरे आहे, असा निर्णय लॉर्ड हॉफमन यांनीं दिला. कुत्र्याला फिरविणें आणि मुलांनीं बागडणें हाच आजच्या काळांतील अशा जागेचा मुख्य उपयोग होय, हें त्यांनीं मान्य केलें. त्या जमिनीवर घरें बांधूं पाहणारा मालक कोण होता? चर्चचा स्थानिक धर्मप्रांत! मिशनच्या शाळेच्या वार्षिकांत ही गोष्ट लिहितांना लेखणी क्षणभर अडखळली. पण ज्याची जमीन त्याला तिचा मोह पडतो, मग तो कोणीही असो, हें मुलांपासून लपवून ठेवण्यांत कांहीं अर्थ नाहीं.

आतां पुन्हां ब्रिस्टलला येऊं. अ‍ॅश्टन व्हेलच्या रहिवाशांनीं याच कायद्याचा आश्रय घेऊन अर्ज केला. जाहीर चौकशी भरली. मोठमोठ्या वकिलांसमोर साध्या माणसांनीं उभें राहून सांगितलें कीं, मी अमुक सालापासून येथें फिरावयास येतों, माझीं मुलें येथें वाढलीं, हीं पाहा छायाचित्रें. चौकशी चालविणाऱ्या निरीक्षकांनीं २०१० च्या सप्टेंबरांत आपला अभिप्राय दिला, तो असा कीं, सुमारें बेचाळीस एकरांची ही सर्वच्या सर्व जमीन टाउन ग्रीन म्हणून नोंदविण्यास पात्र आहे. क्लबवर वज्राघात झाला. त्यांतच डिसेंबरांत २०१८ ची विश्वचषक स्पर्धा रशियाकडे गेली. इंग्लंडला मिळालीं अवघीं दोन मतें. ज्या पाहुण्यासाठीं ताट मांडलें तो दुसऱ्याच घरीं जेवावयास गेला.

मग नगरपालिकेनें काय करावें? २०११ सालीं तिच्या समितीनें जमिनीचे दोन भाग पाडिले: दक्षिणेकडचा भाग लोकांच्या विरंगुळ्यासाठीं नोंदवावा, आणि उत्तरेकडचा स्टेडियमसाठीं मोकळा राहूं द्यावा. वरवर पाहतां हा समेट किती समंजस वाटतो! परंतु मला तो मुळींच पटत नाहीं. हक्क आहे कीं नाहीं, एवढाच प्रश्न समितीपुढें होता. दोन भावांच्या वाटणींत अर्धें अर्धें करणें शोभतें. पुराव्याच्या प्रश्नांत अर्धें अर्धें करणें म्हणजे निकाल न देणें होय. अर्थात् प्रकरण हायकोर्टांत गेलें, आणि वर्षांमागून वर्षें गेलीं.

शेवटीं क्लबनें अ‍ॅश्टन व्हेलचा नाद सोडिला आणि आपल्या जुन्या अ‍ॅश्टन गेट मैदानाचाच जीर्णोद्धार केला. २०१६ सालीं तें काम पुरें झालें. आज तेथें सुमारें सत्तावीस हजार प्रेक्षक बसतात. नवी जागा हाच काय तो एक मार्ग आहे, असें ज्यांनीं वर्षानुवर्षें सांगितलें त्यांनीं, नाइलाजानें कां होईना, दुसरा मार्ग काढून दाखविला. विरोधकांनीं हें सुचविलें तेव्हां तें कोणाच्या कानीं गेलें नव्हतें. विरोधाचा हाही एक उपयोग असतो कीं, तो आळशी विचाराला कामाला लावितो.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं लेखक आतां शेजाऱ्यांचा वकील बनला. तसें नाहीं. शेजारी पुष्कळदां स्वार्थीही असतात. आपलें घर झालें, आतां दुसऱ्याचें होऊं नये; आपल्या खिडकींतून दिसणारें झाड जगावें, मग भाड्याच्या खोलींत सातजण कोंबून राहिले तरी चालेल, असा विचार करणारीं माणसें जगांत सर्वत्र आहेत आणि आपल्या गल्लींतही आहेत. ज्याला घर नाहीं त्याला मोकळ्या हवेचें माहात्म्य ऐकविणें हें क्रौर्य आहे. म्हणून दुसऱ्या पक्षाचें उदाहरणही दिलें पाहिजे, आणि तें मला विंबल्डनचें सुचतें. टेनिसचें नव्हे, फुटबॉलचें.

विंबल्डन क्लब १९१२ पासून प्लाव लेन नांवाच्या मैदानावर खेळे. १९८८ सालीं याच लहानशा क्लबनें बलाढ्य लिव्हरपूलचा १-० असा पराभव करून एफ. ए. कप जिंकिला. परंतु १९८९ च्या हिल्सबरो येथील भयंकर चेंगराचेंगरीनंतर, जींत पुढें सत्त्याण्णव मृत्यूंची गणना झाली, मोठ्या क्लबांच्या मैदानांवर प्रत्येक प्रेक्षकाला बसावयास जागा असलीच पाहिजे असा दंडक आला. तो पाळणें जुन्या मैदानांत शक्य नाहीं असें ठरवून क्लब १९९१ सालीं दुसऱ्याच्या मैदानावर बिऱ्हाडकरू म्हणून राहिला. मालकांनीं प्लाव लेन विकून टाकिलें, आणि कालांतरानें तेथें घरें झालीं. २००२ सालीं तर क्लबच उचलून दूरच्या मिल्टन कीन्स शहरीं नेण्यास फुटबॉल असोसिएशनच्या आयोगानें संमति दिली! तेव्हां चाहत्यांनीं काय केलें? त्यांनीं त्याच वर्षीं नवा क्लब काढिला, मोकळ्या माळावर कोणीही यावें अशी चांचणी घेऊन खेळाडू निवडले, आणि नवव्या पायरीपासून पुन्हां आरंभ केला. नऊ वर्षांत, २०११ सालीं, हा क्लब पुन्हां फुटबॉल लीगमध्यें दाखल झाला. चाहत्यांच्या मालकीचा क्लब एवढें करूं शकतो हें वाचून कोणाचा ऊर भरून येणार नाहीं?

या क्लबला घरीं परतावयाचें होतें. जुन्या मैदानापासून हांकेच्या अंतरावर १९२८ सालापासून कुत्र्यांच्या शर्यतीचें एक मैदान होतें. तें पाडून तेथें स्टेडियम आणि सहाशेंहून अधिक घरें बांधण्याच्या योजनेला मर्टन नगरपालिकेनें २०१५ च्या डिसेंबरांत मंजुरी दिली. विरोध येथेंही झाला. शेजारच्या वॉन्ड्झवर्थ नगरपालिकेनें हरकत घेतली. रस्ते तुंबतील, नदीकांठची जागा असल्यामुळें पाणी भरेल, एवढ्या कुटुंबांना शाळा व दवाखाने कोठून पुरतील, असे रास्त प्रश्न विचारले गेले. त्या घरांपैकीं परवडण्याजोगीं अशीं सुमारें दहांतील एकच होतें, हाही आक्षेप होता, आणि माझ्या मतें तो सर्वांत वजनदार होता. लंडनचे त्या वेळचे मेयर बोरिस जॉन्सन यांनीं २०१६ च्या मार्चमध्यें प्रकरण स्वतःकडे घेतलें. त्यांच्यामागून आलेले सादिक खान यांनीं तें ऑगस्टमध्यें परत मर्टनकडे सोपविलें. आणि योजना मार्गीं लागली. ३ नोव्हेंबर २०२० रोजीं नव्या प्लाव लेनवर पहिला सामना झाला. करोनाच्या साथीमुळें त्या दिवशीं एकही प्रेक्षक आंत नव्हता. अठरा वर्षें ज्या क्षणासाठीं घालविलीं तो त्या लोकांना घरच्या पडद्यावर पाहावा लागला.

विंबल्डन येथें स्टेडियम झालें तें मला योग्यच वाटतें. ब्रिस्टल येथें झालें नाहीं, तेंही योग्यच वाटतें. यांत विसंगति आहे काय? मला तरी दिसत नाहीं. विंबल्डनच्या जागेवर अगोदरच प्रेक्षकांसाठीं बांधलेलें एक स्थान होतें. एक जाऊन दुसरें आलें. अ‍ॅश्टन व्हेल येथें मात्र सर्वांना फुकट मिळणारी जागा जाऊन तिकीट घेणाऱ्यांची जागा येणार होती. खेळाच्या नांवानें खेळावयाची जागाच बुजविली जाणार होती. आमच्या वर्गांतील मुलीनें नेमकें येथेंच बोट ठेविलें होतें. स्टेडियमचें गवत हें देवघरांतल्या चांदीच्या ताटासारखें. त्यावर रोज कोणी जेवत नाहीं. तीस हजार बसतात, बावीस खेळतात, आणि बाहेरचीं मुलें कुंपणाला नाक लावून उभीं राहतात.

आपल्या मुंबईचेंच पाहा. आझाद मैदानावर बावीस खेळपट्ट्या आहेत. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या फलंदाजापाठीमागें उभा असतो, आणि कोणता चेंडू कोणाचा हें त्यांचें त्यांनाच कळतें. १९८८ च्या फेब्रुवारींत सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या दोन शाळकरी मुलांनीं हॅरिस शील्डच्या सामन्यांत ६६४ धावांची अभंग भागीदारी केली ती याच मैदानावर. (चेंडू आणून आणून थकलेला संघ सेंट झेवियर्स हायस्कूलचा होता, त्या मुलांचीही आठवण कोणीतरी ठेविली पाहिजे.) पुढें वानखेडे स्टेडियमवर हजारों लोकांनीं ज्याच्या नांवाचा घोष केला, तो मुलगा घडला उघड्या मैदानांवर.

स्टेडियमच्या जोडीला घरें कां येतात, हें पालकांनीं तरी समजून घ्यावें. घरें विकून आलेल्या नफ्यांतून स्टेडियम उभें राहतें. यांत गैर कांहीं नाहीं; पण या जोडगोळीमुळें वादाला विलक्षण वळण लागतें. स्टेडियम नको म्हणणारा बेघरांचा वैरी ठरतो, आणि घरें कमी करा म्हणणारा खेळाचा वैरी ठरतो. दोन निराळे प्रश्न एकाच दोरीनें बांधून लोकांपुढें ठेविले कीं कोणत्याच प्रश्नाचें नीट उत्तर मिळत नाहीं. घरें हवींत ना? मग किती, कोणासाठीं, कोणत्या भाड्यानें, हें वेगळें विचारावें. स्टेडियम हवें ना? मग किती जणांस खेळावयास मिळेल हें वेगळें विचारावें. ब्रिस्टलमध्यें स्टेडियमची योजना मावळली, पण या दशकांत अ‍ॅश्टन व्हेलच्याच बाजूस पांचशें घरांची नवी योजना पुढें आली आहे. तिच्यावर निदान घरें म्हणून तरी वाद करतां येतो.

इंग्लंडांतही टाउन ग्रीनचा दरवाजा आतां पहिल्याइतका उघडा राहिलेला नाहीं. २०१३ सालच्या एका कायद्यानें असें ठरविलें कीं, बांधकामाचा अर्ज एकदां जाहीर झाला कीं त्यानंतर त्या जागेसाठीं नोंदीचा अर्ज करतां येणार नाहीं. म्हणजे यंत्रें आल्यावर जागे होणाऱ्यांस तो मार्ग राहिला नाहीं. आपल्याकडे असा कायदाच नाहीं. गांवच्या सामाईक जमिनी बळकावणाऱ्यांस हटवून त्या गांवकऱ्यांस परत मिळवून देण्याची योजना सर्व राज्यांनीं आखावी, असा आदेश आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २८ जानेवारी २०११ रोजीं दिला खरा. परंतु शहरांतील खासगी मोकळ्या जागेवर खेळणाऱ्या मुलांस त्याचा उपयोग नाहीं. आपल्या हातीं आहे तो १९६६ सालचा नगररचना कायदा. त्याप्रमाणें शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो, त्यांत क्रीडांगणांसाठीं जागा राखून दाखविलेल्या असतात, आणि ठराविक मुदतींत नागरिकांकडून हरकती व सूचना मागविल्या जातात. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यांतील ती बारीक टाइपाची जाहिरात आपल्यापैकीं किती पालकांनीं आजवर वाचली असेल? मीं स्वतः गेल्या वर्षापर्यंत वाचली नव्हती.

आमच्या शाळेच्या मागचें मोकळें पटांगण आपणां सर्वांस ठाऊक आहे. तें शाळेच्या मालकीचें नाहीं. तरी तीन पिढ्या तेथें पडून-झडून शहाण्या झाल्या. त्या जागेविषयीं अलीकडे कांहीं बोलणीं कानांवर येतात. तीं खरीं कीं खोटीं हें मी येथें सांगूं इच्छीत नाहीं, आणि जें कोणी तेथें कांहीं बांधूं इच्छीत असतील त्यांच्याविषयीं माझ्या मनांत आकसही नाहीं. मला हवे आहेत कागद. ज्या पालकांनीं आपल्या बाळपणीं तेथें खेळ केले असतील त्यांनीं कोणत्या सालीं, कोणता खेळ, कोणाबरोबर, एवढें एका कागदावर लिहून खालीं सही करावी. कोणापाशीं जुनें छायाचित्र असल्यास तें वर्गशिक्षकांकडे द्यावें. प्रत काढून मूळ परत केलें जाईल. छायाचित्राच्या पाठीमागें पेन्सिलीनें तारीख घालण्यास मात्र विसरूं नये.